मदत हवी आहे: म्हापशातल्या दुकानात सापडलेलं जुनं मराठी पुस्तक

नमस्कार मंडळी, म्हापसा बाजाराजवळ एक जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, इतकं अरुंद की दोघं समोरासमोर आले तर एकाला बाहेर यावं लागतं. पुढे सगळ्या टुरिस्ट लोकांनी विकलेल्या इंग्लिश कादंबऱ्या, पण आत तळाशी पोर्तुगीज आणि मराठी गठ्ठे आहेत आणि खरा खजिना तिथेच, तिथे मला एक मराठी कवितासंग्रह मिळाला. पहिली दोन-चार पानं गायब, त्यामुळे साल, प्रकाशक काहीच कळत नाही. मागे किंमत रुपये-आण्यात आहे, नवे पैसे १९५७ ला आले म्हणजे बहुतेक त्याआधीचं असणार, आणि पानामागे बोट फिरवलं की खिळ्यांच्या (म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या) छपाईचा उठाव लागतो. आवृत्ती ओळखायची अजून काही खूण आहे का? पणजीच्या कृष्णदास शामा लायब्ररीत दुसरी प्रत शोधून ताडून बघता येईल का, कुणी असं केलंय?

आणि मुख्य म्हणजे कसर लागलीय, वर आपल्याकडचा पावसाळा, बुरशी धरायला किती वेळ लागतो. डांबरगोळ्या ठेवू की नको? उन्हात टाकायची भीती वाटते, पानं आधीच हात लावला की तुटतात. बाइंडिंग करणारा कुणी जपून काम करणारा माहीत असेल तर प्लीज सांगा, मडगाव-फोंड्यापर्यंत यायची तयारी आहे.