मदत हवी आहे: दोन फुटी गेजचं वाफेचं इंजिन भंगारात जाऊ द्यायचं नाही

नमस्कार मंडळी,

मी चाळीसगाव तालुक्यातला. आमच्या गावाजवळ एका बंद कारखान्याचं आवार आहे, आणि तिथे वेड्या बाभळींच्या गर्दीत एक छोटं वाफेचं इंजिन उभं आहे. लहानपणी आम्ही त्याच्या बॉयलरवर बसून कपाशीचे ट्रॅक्टर मोजायचो. मागच्या महिन्यात जागेच्या मालकांनी भंगारवाल्याला बोलावल्याचं कळलं, तेव्हा आम्ही पाच जण जाऊन भेटलो. माणूस सज्जन आहे. भंगाराचा भाव द्या आणि पावसाळ्याआधी उचला, म्हणाले. पैसे जमलेत. पण पुढचं पाऊल चुकीचं पडू नये, म्हणून इथे विचारतोय.

गावात सगळे त्याला पीजेचं, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वेचं, इंजिन म्हणतात. आमचे आबा तर ठासून सांगतात, "हाई पीजेनं इंजिन शे. दोन व्हतात." पण पाचोरा-जामनेर गाडी २०२० पर्यंत धावली ती अडीच फुटी रुळांवर, म्हणजे ७६२ मि.मी. मी टेप घेऊन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजलं, ते ५६० च्या आसपास भरलं. चाकांच्या कडा रुळांच्या आत बसतात, त्यामुळे हे माप गेजपेक्षा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरापेक्षा, थोडं कमीच येतं. म्हणजे गेज दोन फूट, नेरळ-माथेरानसारखं. पीजेच्या रुळांवर हे चाललंच नसतं. हे आधी पक्कं करणं भाग होतं, नाहीतर मालकी रेल्वेची की कारखान्याची, तिथेच गाडं अडलं असतं.

चार चाकं, मागे टेंडर (कोळसा-पाण्याचा वेगळा डबा) नाही. पाण्याची टाकी बॉयलरवर किंवा बाजूला नाही, खाली फ्रेमच्या दोन पाट्यांच्या मध्ये आहे. ब्रिटिश कारखाने छोट्या इंजिनांच्या बॉयलरवर बहुधा खोगिरासारखी टाकी टाकायचे, तर अशी खालची टाकी जर्मन कारखान्यांना प्रिय. म्हणून मला बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलची शंका येते. माथेरानची पहिली इंजिनंही त्यांचीच. पण पितळी पाटी कधीच चोरीला गेली. पितळेचं आणि तांब्याचं जे हाताला लागलं ते सगळंच गेलंय. पाटीशिवाय इंजिन कोणत्या कारखान्याचं, हे ओळखायचं कसं?

दुसरं, हलवायचं कसं? चाकं जाम आहेत. एक जण म्हणतो, जेसीबीला साखळी लावून ओढू. मला भीती वाटते की साइड रॉड, म्हणजे चाकांना एकमेकांशी जोडणारे बाजूचे दांडे, वाकतील.

आणि सगळ्यात जास्त वाद रंगाचा. मंडळींना वाटतं, ग्राइंडर मारून घासावं, काळा-लाल ऑइल पेंट लावावा आणि चौकात उभं करावं. त्यांचा जीव आहे त्या इंजिनावर, म्हणूनच नाही म्हणताना जड जातं. पण उरलेल्या खुणाच पुसून टाकल्या, तर आपण वाचवलं काय?

प्रतिसाद

दादा, ग्राइंडर आजच्या आज थांबवा. पाटी गेली तरी इंजिनाचा क्रमांक बहुतेक वेळा साइड रॉड, कनेक्टिंग रॉड आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवर ठोकलेला असतो. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून वंगणाचा थर उतरवा, वर पातळ कागद धरा आणि शिसपेन्सिल आडवी फिरवा. आकडे उमटतील. प्रत्येक भागाचा आकडा वेगळा लिहून ठेवा.

बॉयलरवरच्या पत्र्याखाली पांढरं, कापसासारखं काही दिसलं तर हात लावू नका. जुन्या इंजिनांत तिथे ॲस्बेस्टॉस भरत, त्याची धूळ फुप्फुसात बसते.

ओढू तर मुळीच नका. क्रेनने उचलून लो-बेडवर (बुटक्या ट्रेलरवर) चढवा, साखळी फ्रेमला लावा, बॉयलरला नाही. धुराड्यावर आत्ताच पत्रा झाका आणि टाकीचं बूच काढून साचलेलं पाणी वाहू द्या. सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल ओतून ठेवा, पिस्टन हळूहळू सुटेल. रंग वर्षभराने लावला तरी चालेल. वाफेवर चालवायचा विचार मात्र बाष्पके संचालनालयाची तपासणी झाल्याशिवाय मनातही आणू नका. मालकांकडून वर्णनासह विक्रीपावती घ्या, फोटो जोडून.

धागाकर्ता

मनापासून आभार. पावती झाली. धुराडं झाकलं, टाकीतून दोन घमेली गाळ निघाला. रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. डाव्या साइड रॉडवर आणि डावीकडच्या व्हॉल्व्हच्या दांडीवर एकच आकडा आहे. उजव्या साइड रॉडवर मात्र वेगळाच, पण ठोकण्याची पद्धत तीच. म्हणजे कधीतरी दुसऱ्या जोडीदार इंजिनाचा रॉड काढून याला बसवलाय. आबांचं पीजे चुकलं, पण दोन होती हे बरोबर निघालं. कागद घरी नेऊन दाखवले, तर त्यांनी उजवीकडचा आपल्याकडेच ठेवून घेतला.

दोन्ही छापांचे फोटो खाली देतोय. यातला इंजिनाचा खरा आकडा कोणता धरायचा, हे जाणकारांनी सांगावं. आणि फ्रेमवर कुठे क्रमांक ठोकलेला असतो का? क्रेन शुक्रवारी येतेय, त्याआधी तेवढं बघून घेता येईल.