नोंदणी आधी, सोहळा आपल्या मनासारखा

भटजींशिवाय लग्न करायचं ठरवलं तर ते कायदेशीर कसं, ही शंका रास्त आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंदणी करा. त्यात धार्मिक विधींची अटच नाही. विवाह नोंदणी कार्यालयात लग्नाची नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, तीन साक्षीदार लागतात, आणि ती नोटीस तीन महिनेच चालते. म्हणून मंगल कार्यालयाची तारीख नोंदणीनंतरचीच ठरवा.

घरच्यांना हे परकं फॅड वाटत असेल तर सांगा, जोतीराव फुल्यांनी स्थापलेल्या सत्यशोधक समाजानं पुण्यात १८७३ सालीच पुरोहिताविना लग्न लावलं. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत वधूवर एकमेकांशी बोलतात, वधू स्त्रियांच्या हक्कांचं वचन मागते! ती ऐकताना मला आजही भरून येतं. तुमची वचनं तुम्हीच लिहा. आजीला अक्षता टाकायच्याच असतील तर हातात फुलं द्या.