प्राण्यांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थेनं फेसबुक-इन्स्टावर यावं का? यायचं तर सुरुवात कुठून?

मांजराकाठ (लातूर)

आमची संस्था लहान आहे. लातूरच्या बाहेर पत्र्याचं शेड, त्यात जखमी कुत्री, मोकाट सोडलेले बैल, आणि उन्हाळ्यात विहिरीतून काढलेलं काही ना काही हमखास. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, पण ऑनलाइन आम्ही कुठेच नाही. परवाच्या बैठकीत यावरून दोन तट पडले. मी कुठल्या बाजूला आहे ते आधीच सांगते: आपण यायला हवं, आणि पैशासाठी नव्हे, आधी माणसांसाठी.

आमच्याकडे सगळ्यात मोठी टंचाई हातांची असते. पायाला प्लास्टर घातलेल्या कुत्र्याला काही आठवडे कुणाच्या तरी अंगणात जागा लागते. रात्री गाडी लागते. कठडा नसलेल्या विहिरीत कोल्हा पडला, तर वनखात्याचे लोक येईपर्यंत तिथे थांबून गर्दी आवरणारा माणूस लागतो. हा माणूस पुण्या-मुंबईच्या लाइकमधून मिळणार नाही. तो औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर इथूनच यायला हवा.

म्हणून पहिल्या वर्षी फेसबुकचं एक पेज आणि व्हॉट्सअ‍ॅप, एवढंच करावं असं मला वाटतं. पेज संस्थेच्या नावाचं हवं, कुणा कार्यकर्त्याचं प्रोफाइल नको. प्रोफाइलला 5000 मित्रांची मर्यादा असते, आणि तो माणूस संस्था सोडून गेला की सगळं त्याच्याबरोबर जातं. अ‍ॅडमिन किमान तिघं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वेगळ्या सिमवर, म्हणजे रात्री कुणी उचललं नाही तरी काय करायचं ते आपोआप उत्तरात जाईल. इन्स्टाग्राम नंतर बघू, रोज थोडा वेळ देणारं कुणीतरी मिळालं की.

तुमचं मत सांगा. विरोध असेल तर कारणासकट सांगा.

बालाघाट (बीड)

ताई, माझा विरोध आहे.

आमच्या शिरूर कासार तालुक्यात दहिवंडीचे शब्बीरमामू आहेत. कोरडवाहू भागात, दुष्काळात, हलाखी सोसून शंभरावर गुरं सांभाळली. 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव कामामुळे झालं, आधी नाव करून मग काम उभं राहिलं नाही.

दुसरं कारण याहून मोठं आहे. पेज निघालं की पत्ता सगळ्यांना कळतो, आणि पत्ता कळला की लोक आणून टाकतात. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत हेच झालं. सकाळी गेट उघडावं तर खोक्यात पिल्लं, म्हातारा कुत्रा खांबाला बांधलेला. त्यातलं एखादं पिल्लू पार्व्हो, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाबांनी मारणारा विषाणू, घेऊन आलं की लस न झालेल्या आतल्या पिल्लांचं काही खरं नाही. तो विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. वीस जनावरांची ताकद असलेल्या शेडमध्ये साठ झाली की ती सेवा उरत नाही, कोंडवाडा होतो. तुम्हाला माणसं हवीत, पण पेज जनावरं आणून देईल.

गोदाकाठ (नांदेड)

बालाघाट, तुमचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. पत्ता द्यायचाच नाही. गूगल मॅपवर पिन टाकायची नाही, शेडच्या पाटीचा फोटो टाकायचा नाही. 'आधी फोटो आणि ठिकाण पाठवा, मग आम्ही सांगू' एवढंच लिहायचं. तसंही पेज नसलेल्या संस्थांच्या दारात पिल्लं टाकतच असतात, कारण गावात तोंडी पत्ता पसरायला वेळ लागत नाही.

उलट पेजमुळे बरेच फोन तुमच्यापर्यंत न येता योग्य जागी जातील. शेतकऱ्याचं जनावर आजारी असेल तर पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकासाठी 1962. मोर, वानर, साप, हरीण असेल तर वनखात्याचा 1926. पेजच्या वरच्या बाजूला हे दोन आकडे पिन करून ठेवा. वन्यप्राणी घरी ठेवून दूध पाजणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, हे अजून कितीतरी चांगल्या माणसांना माहीत नाही.

2022 मध्ये गुरांवर लंपी हा त्वचेचा आजार आला तेव्हाचं आठवा. दूध प्यावं की नाही यावरून ग्रुपवर काय काय फिरत होतं. हा आजार माणसाला होत नाही, हे खातं सांगत होतं, तरी अफवा पुढे पळत होती. ज्या तालुक्यात लोकांच्या विश्वासाचं एखादं स्थानिक पेज आहे, तिथे अशा वेळी कुणाला विचारायचं हे लोकांना ठाऊक असतं. असा विश्वास साथ आल्यावर तयार करता येत नाही. त्यासाठी पेज आधीपासून चालू लागतं.

कोयता (केज)

मी ऊसतोडीला जाणाऱ्या घरचा. तुमचं सगळं वाचलं. एक इचारतो, बैलाचं कुनी कामून टाकीना? जिकडं बघावं तिकडं कुत्र्याची पिल्लं. आमच्याकडं दसरा-दिवाळीला गाड्या निघतेत, चार-पाच महिने बैल उसाखाली राहतो. जू घासून खांदेसूज होते, खुरं झिजतेत, रात्री रोडवर मागून ट्रक धडकतो. गाडीला मागं रेडियम लावा एवढं सांगायला बी कुनी येत नाही.

आन इन्स्टा पोरं बघायलेत. बैल ज्याच्या दावणीला हाय तो व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज ऐकतो. लांबलचक लिहिलेलं तो वाचत नाही. खांदा सुजला तर काय करायचं, कवा जुंपायचं नाही, हे डॉक्टरच्या आवाजात दोन मिनिटात पाठवा. मुकादमाच्या ग्रुपात टाकलं की सगळ्या टोळीत जातंय.

पांढरा_कोट (परभणी)

मी पशुवैद्य आहे. कोयता यांचं म्हणणं मला या धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाटलं. असे आवाजी संदेश करायला मी तयार आहे.

पेजला माझा विरोध नाही, पण काही गोष्टींना आहे. पहिली गोष्ट, आधी उपचार आणि मग कॅमेरा. धापा टाकणाऱ्या जनावरासमोर फोन धरून उभं राहणं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. नोंदीसाठी एक फोटो काढा आणि फोन खिशात ठेवा. दुसरी, उघड्या जखमा आणि अळ्या पहिल्या फोटोत नकोत. लोक बघवत नाही म्हणून पुढे जातात, आणि प्लॅटफॉर्मही अशा पोस्टवर पडदा टाकतो. बरं झाल्यावरचा फोटो आधी लावा.

तिसरी गोष्ट जीवावर बेतणारी आहे. कमेंटमध्ये औषधं सांगू नका. 'क्रोसिन द्या' असं कुणीतरी लिहितं. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याला आयब्युप्रोफेनही घातक आहे. गुरांना डायक्लोफिनॅक देणं 2006 पासून बंद आहे, कारण ते औषध दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरत होती. तरी जुने सल्ले अजून फिरतात. अशा कमेंट लगेच काढा. आणि लाळ गाळणाऱ्या, अडखळत चालणाऱ्या कुत्र्याला उघड्या हातांनी धरल्याचा व्हिडिओ शौर्य म्हणून कधीच टाकू नका. बघणारं पोर उद्या तसंच करेल. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही.

हातांची टंचाई म्हणालात, तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. लातूरहून उदगीर जवळच. पेज काढण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांना भेटा.

सिंदफणा (माजलगाव)

मला व्हायरल होण्याचीच भीती वाटते, आणि ती उगाच नाही. डिसेंबर 2021 मध्ये आमच्या तालुक्यातलं लवूळ गाव जगभर गेलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छतांवर नेत होती आणि पिल्लं पडून किंवा उपाशी मरत होती, एवढं खरं होतं. पण 'सूडानं 250 पिल्लं मारली' असा आकडा सगळीकडे फिरला, आणि गावातली माणसं त्याहून बरंच कमी सांगत होती. विनोद झाले, चित्रं झाली, वानर-कुत्र्यांचं युद्ध म्हणून मजा झाली. शेवटी वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली आणि कॅमेरे निघून गेले. त्या सगळ्या गाजावाजातून गावातल्या एका तरी कुत्रीची नसबंदी झाली का? गावाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

जास्त बघितलं जावं म्हणून माणसं काय करतात तेही पाहा. पिल्लाला मुद्दाम सापापुढे ठेवून 'वाचवल्याचे' व्हिडिओ इतके वाढले की 2021 मध्ये यूट्यूबला अशा बनावट सुटकांवर बंदी जाहीर करावी लागली. मांजराकाठ असं करतील असं मी म्हणत नाही. पण आकडे दिसायला लागले की साध्या पोस्टचा कंटाळा येतो आणि ओढ त्याच दिशेला लागते.

शाळेजवळ (जालना)

माझ्या पुतणीला शाळेच्या वाटेवर कुत्रं चावलं. तेव्हा मी तीन-चार प्राणिप्रेमी पेजेस चाळली. कुत्र्यांवर दया करा, त्यांना खाऊ घाला, एवढंच सगळीकडे. चावल्यावर काय करायचं याची एक ओळ कुठे नव्हती. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातून कुत्री हलवायचा आदेश दिला, तर त्याच पेजेसवर नुसता संताप. आमच्या पोरांचं काय, हे विचारणाऱ्याला ब्लॉक. अशा पेजांची अजून भर पडावी असं मला अजिबात वाटत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

शाळेजवळ, हा राग रास्त आहे. म्हणून म्हणतो, प्राण्यांच्या पेजवर चावलेल्या माणसाची माहिती पहिल्या आठवड्यातच यायला हवी. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि सांगितलेल्या सगळ्या तारखांना लस पूर्ण करा.

आणि नसबंदीचं बोला. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे ही जबाबदारी नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेची आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. आपल्या गल्लीत कान न कापलेली किती, हे लोकांनी मोजून पेजवर कळवलं तर नगरपालिकेपुढे ठेवायला कागद तयार होतो. चावा आणि दया यांना एकमेकांविरुद्ध उभं करणारं पेज कुणाच्याच कामाचं नाही. आणि असे प्रश्न विचारणाऱ्याला ब्लॉक करू नका, उत्तर द्या.

ताळेबंद (छत्रपती संभाजीनगर)

मी काही संस्थांचे हिशेब बघतो. पैशासाठी नाही म्हणालात, पण पहिल्या अपघाताच्या पोस्टखाली लोक 'जीपे नंबर द्या' म्हणणारच. तयारी आधी करा.

क्यूआर ट्रस्टच्या खात्याचाच हवा. कार्यकर्त्याच्या नंबरवर आलेले शंभर रुपयेसुद्धा उद्या संशयाला जागा देतात. तुमच्याकडे 80जी, म्हणजे देणगीवर करसवलत मिळण्यासाठीची प्राप्तिकर खात्याची मान्यता, नसेल तर 'करसवलत मिळेल' असं लिहू नका. असेल तरी रोख देणगी 2000 रुपयांच्या वर गेली तर सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधी सांगा. परदेशातल्या मंडळींबाबत जास्त सावध राहा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसानं स्वतःच्या कमाईतून दिलेलं चालतं. पण ज्यानं अमेरिकन नागरिकत्व घेतलं, त्याचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेता येत नाहीत, मग तो मूळचा उदगीरचा का असेना. क्यूआर सगळ्या जगाला दिसतो, हे विसरू नका.

शस्त्रक्रियेसाठी आवाहन केलं आणि रक्कम जमली, की त्याच पोस्टमध्ये 'जमले, आता पाठवू नका' असं लिहा आणि बिलाचा फोटो लावा. जनावर दगावलं तर तेही लिहा. लोक त्यासाठी रागावत नाहीत. पुढे काहीच कळलं नाही की रागावतात, आणि पुन्हा देत नाहीत.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचं वाचलं. पेज काढायचं हे माझं मत कायम आहे, पण क्रम बदलते आहे.

आधी व्हॉट्सअ‍ॅप, पेज त्यानंतर. पत्ता आणि पाटी कुठेही नाही. पिन केलेल्या पोस्टमध्ये 1962, 1926 आणि चावल्यावर काय करायचं ते. औषधाच्या कमेंट काढायचं काम एका ठरलेल्या अ‍ॅडमिनकडे. क्यूआर ट्रस्टचा, आणि तोही महिन्याचा हिशेब टाकायची सवय लागल्यावर. उदगीरला पुढच्या आठवड्यात जाते.

सिंदफणा, तुमच्या भीतीवर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं ठरवते की बैठकीत लाइक आणि फॉलोअरचे आकडे वाचायचे नाहीत. किती जनावरांना घर मिळालं, किती नवे लोक प्रत्यक्ष आले, हे वाचायचं.

बालाघाट (बीड)

हे बरं आहे, तरी माझा विरोध मी मागे घेत नाही. पत्ता लपत नाही ताई, लातूर काही मुंबई नाही. शेडमध्ये जास्तीत जास्त किती जनावरं ठेवायची तो आकडा आधी ठरवा आणि पेजवर उघड लिहा. त्या आकड्यापुढे कितीही रडके फोन आले तरी 'जागा नाही, पण तुमच्या अंगणात कसं सांभाळायचं ते आम्ही शिकवतो, औषध आम्ही देतो' असं म्हणायची तयारी आहे का? ती असेल तर उघडा. नसेल तर सहा महिने थांबा.

मांजराकाठ (लातूर)

आकडा ठरवून लिहिते. तो बैठकीतच मंजूर करून घेईन, म्हणजे नंतर कुणा एकाच्या जीव पिळवटण्यावर तो हलणार नाही. मीसुद्धा त्यात आले.

कोयता (केज)

डॉक्टरसाहेब, ते खांदेसूजीचं आन खुराचं दसऱ्याच्या आत पाठवा. मागून टोळ्या निघून जातेत, मग बैल कारखान्यावर आन तुमचा आवाज हितं. मी चार मुकादमांच्या ग्रुपात टाकतो. रेडियम कुटं मिळंल ते बी त्यातच सांगा.

पांढरा_कोट (परभणी)

या रविवारी रेकॉर्ड करतो. दोन वेगवेगळे संदेश करतो, एक खांद्याचा आणि एक खुराचा. रेडियमची पट्टी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते, तेही शेवटी सांगतो.