ऑर्केस्ट्रासाठी इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि सिंबल

प्रश्न (धुळे): आमचा ऑर्केस्ट्रा लग्नसराईत आणि कानबाईच्या उत्सवात अहिराणी गाणी सादर करतो. ऑक्टोपॅड (आठ पॅडचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आहेच, आता संपूर्ण इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट घ्यावा का, आणि त्याचे सिंबल (काडीने वाजवायच्या झांजेसारख्या चकत्या) मंचावर समाधान देतात का?

उत्तर (जळगाव): ड्रम अवश्य घ्यावेत, कारण त्यांचा आवाज थेट मिक्सरमध्ये जातो आणि प्रत्येक ड्रमला माइक लावण्याची गरज उरत नाही. सिंबलबाबत मात्र मी सावध आहे. चांगले रबरी सिंबल कडेवर आणि मध्यभागी वेगळे वाजतात, हाताने धरल्यास थांबतातही. तरीही काडीच्या हलक्या स्पर्शातील छटा, विशेषतः हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी) अर्धवट उघडा असताना, त्यांत पूर्णपणे उतरत नाहीत. म्हणून हाय-हॅट आणि राइड (सतत ताल धरणारा मोठा सिंबल) काशाचेच ठेवून बाकीचा संच इलेक्ट्रॉनिक करावा, असे मला मनापासून वाटते.

उत्तर (नंदुरबार): वरील मताशी सहमत. ड्रमरला स्वतंत्र मॉनिटर (स्वतःचे वादन ऐकण्यासाठीचा स्पीकर) द्यावाच, अन्यथा त्याला केवळ पॅडची टकटक ऐकू येते. फळ्यांचा मंच हादरल्याने न वाजवलेला पॅडही वाजू लागल्यास, स्टँडखाली जाड सतरंजी अंथरून मॉड्यूलमधील (आवाज निर्माण करणाऱ्या यंत्रातील) ट्रिगरची, म्हणजे पॅडवरचा आघात ओळखणाऱ्या सेन्सरची, संवेदनशीलता कमी करावी.