लिफ्टसमोरच्या स्क्रीनवर कधी काय दाखवायचं

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी, लिफ्टसमोरचा स्क्रीन चालू झालाय. बी-२०४ चे दादा बघताय ते काम, कोणाला काय टाकायचं इथेच सांगा

ए-१०१ काकू: अक्षरं इतली बारीक, माले काहीच दिसत नही रे भाऊ. वाचाले घेतं का पुढलं येई जास

बी-२०४: काकू बरोबर बोलताय. लिफ्ट यायला अर्धा मिनिट लागतो, तेवढ्यात माणूस तीन पाट्या वाचणार, आपण वीस टाकल्या तर त्याच्या कामाची येईपर्यंत तो पाचव्या मजल्यावर. म्हणून एका वेळेला तीनच, अक्षर मोठं, खालून पळणारी पट्टी बंद. पाटी किती सेकंद ठेवायची तर मजकूर सावकाश दोनदा वाचून बघायचा, तेवढे. १० सेकंदांत दोनदा वाचून होत नसेल तर मजकूर कमी करायचा

सी-३०२: मग बाकीच्या सूचना कुठे जातील भो?

बी-२०४: वेळेनुसार वाटायच्या ना. सकाळी ६ ते ९ पाण्याची पाळी, घंटागाडी, शाळेची व्हॅन. दुपारी आजी-आजोबा अन् कुरियरवाले असतात तेव्हा पंपाचं काम, लिफ्ट किती ते किती बंद. मेंटेनन्स, मीटिंग संध्याकाळी ६ ते १०, सगळे ड्युटीवरून येतात तेव्हा, सकाळी डबा घेऊन पळणाऱ्याला मेंटेनन्स दाखवून काय उपयोग. रात्री ११ ते ५ स्क्रीन बंद. मे महिन्यात दुपारी १ ते ४ पण बंद, जळगावचा पारा ४५ ला जातो अन् बरेच टीव्ही ४० डिग्रीपर्यंतच चालवायचे असतात

बी-२०४: आणि प्रत्येक पाटीला संपायची तारीख पाहिजेच पाहिजे. "उद्या पाणी नाही" हे परवा पण दिसलं की लोक स्क्रीनकडे बघणंच सोडतात, मग खरी सूचना पण वाया. "उद्या" लिहूच नका, वार अन् तारीख लिहा. काहीच लावलेलं नसेल तेव्हा घड्याळ अन् ११२, १०१, १०८ हे नंबर दिसतील, काळा पडदा नको

ए-४०३ वहिनी: लाइट गेली तर?

बी-२०४: चांगलं विचारलं वहिनी. स्क्रीन चालवणारे स्वस्तातले अँड्रॉइड बॉक्स लाइट गेली की बऱ्याचदा वेळ विसरतात, नेट आल्यावर परत घेतात. म्हणून वायफायचा राउटर पण इन्व्हर्टरवर घ्या आणि फोटो-व्हिडिओ बॉक्समध्येच उतरवून ठेवायचे म्हणजे नेट गेलं तरी चालू. टाइम झोन भारताचा आहे ना तेही बघायचं, ग्रीनिचचा राहिला तर सकाळी ६ ची पाटी साडेअकराला दिसेल, पाणी येऊन गेल्यावर

सेक्रेटरी: वार्षिक सभेचं? ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे

बी-२०४: १४ दिवसांची लेखी नोटीस तर द्यायचीच साहेब, स्क्रीन त्याच्या जागी चालत नाही. स्क्रीनवर एकच पाटी १४ दिवस ठेवली तर तिसऱ्या दिवसापासून कोणाला दिसत नाही, म्हणून पहिले दोन दिवस, मग मध्ये गॅप, अन् शेवटचे तीन दिवस रंग बदलून परत

सी-३०२: थकबाकीवाल्यांची नावं पण फिरवा की, लगेच भरतील 😀

बी-२०४: नाही भाऊ, हे मी टाकणार नाही. तिथून पाहुणे, दूधवाला, मुलांचे मित्र सगळे जातात, कोणाच्या घरची अडचण त्यांना कशाला. थकबाकीचं पत्र घरी द्या

ए-१०१ काकू: हाई बराबर से

ए-४०३ वहिनी: नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खान्देशची कानबाई देवी बसते, त्याचं कधी टाकाल?

बी-२०४: बुधवारपासून संध्याकाळी, शनिवार-रविवार दिवसभर. सोमवारी विसर्जन झालं की दुपारी १२ ला पाटी आपोआप निघेल

ए-४०३ वहिनी: सोमवारी मिरवणूक सकाळीच निघते, त्या दिवशी ६ पासून दाखवा, रस्ता कोणता ते पण लिहा, गाड्या आधी काढून ठेवतील लोक

बी-२०४: हो, त्या सकाळी घंटागाडीची पाटी काढून तिथं हीच लावतो. रस्ता पक्का झाला की शनिवारपर्यंत कळवा