अनुभव धागा : सतत टाकत राहिल्याने तुमचे व्हिडिओ खरंच सुधारले का?

सुरुवात मीच करते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चॅनल काढलं, डोंबिवलीतला ओटा आणि मोबाईल फडताळाच्या दाराला बांधलेला. पहिले तीसेक व्हिडिओ "नमस्कार मैत्रिणींनो"पासून साहित्यापर्यंत यायलाच मिनिट खायचे, आणि एकदा रिटेन्शनचा ग्राफ (लोक व्हिडिओ कुठपर्यंत बघतात तो) उघडला तर काय, बाया नमस्कारालाच पळालेल्या! मग मोदकाच्या कळ्या पाडतानाचा शॉटच आधी टाकायला लागले. दर रविवारी एक व्हिडिओ आणि सोमवारी तो ग्राफ, एवढीच माझी शाळा. तुमचंही सांगा, फसलेलं आधी.

बागवाला, तासगाव
आमचं द्राक्षाचं. पहिल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीचा व्हिडिओ शूट केला वेळेवर पण एडिट होईस्तोवर सगळ्यांच्या बागा फुटून गेल्या, आता छाटणी कशी करायची ते बघणार कोण? दुसऱ्या वर्षी पुढच्या कामाचं आठ दिवस आधी टाकायला लागलो. डावणी रोग दाखवताना पण आधी नुसतं तोंडाने बडबडायचो, आता पान उलटं करून मागचा पांढरा थर जवळून दाखवतो, फोकस लॉक करून. फोन कमी येतात त्यामुळे, पूर्वी लोक विचारायचे दादा नक्की कुठं बघायचं.

फळा-खडू
मी गणित शिकवतो. माझ्या व्हिडिओत ट्यूबलाइटच्या काळ्या पट्ट्या वर-खाली फिरायच्या, मला वाटलं मोबाईलच बाद. चाळीसेक व्हिडिओंनंतर डोक्यात आलं की आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, मग कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्ट्या गायब. दिवसा खिडकीपाशी शूट केलं असतं तर हे कधीच कळलं नसतं म्हणा.

गोधडीतला आवाज
गोष्टी वाचून रेकॉर्ड करते, डोक्यावर गोधडी घेऊन, पंखा बंद, मे महिन्यात सुद्धा (हसू नका). स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता. आणि प, फ, भ आला की माईकवर भप्प! तोंडासमोरचा माईक जरा तिरका धरला आणि ते गेलं. आवाजाची सवय मात्र अजून पूर्ण झालेली नाही.

रीलवाला
मी वेगळं सांगतो, राग मानू नका. रोज एक रील, ९० दिवस केलं. साठाव्यापासून तेच तेच, मागचं बघायलाही वेळ नाही, नुसता आकडा वाढवत होतो. आता आठवड्याला एक, आणि टाकण्याआधी बहिणीला आवाज बंद करून दाखवतो. तिला काही कळलं नाही तर परत कापाकापी.

बागवाला, तासगाव
मोदकवाल्या ताई, वाफेने लेन्स धुरकट होते त्याचं काय करता?

झाकण काढायच्या आधी मोबाईल लांब सरकवते हो, वाफ गेली की परत जवळ. यात दोनदा मोदक गार झाले आणि एकदा मोबाईल पडला.