गोवर निघाला तेव्हा : घराघरांतले अनुभव

अबोली, डिचोली

शिगम्याच्या दिवसांत आमच्या वाड्यावर दोन घरांत गोवर निघाला. एका घरातला मुलगा आठवडाभरात अंगणात खेळायला लागला. दुसऱ्या घरातली दीड वर्षाची पोर मात्र "सगळे अंगावर फुटू दे, मग बघू" म्हणून आतल्या खोलीत निजवून ठेवली होती. तिला धाप लागली तेव्हा रात्री १०८ बोलावून बांबोळीच्या इस्पितळात न्यावे लागले. आता ती बरी आहे, पण तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

मी बालवाडीत शिकवते. गोवराची पुरळ बहुतेक आयांना ओळखू येते. पुरळ येण्याआधीचे तीन-चार दिवस आणि पुरळ मावळल्यानंतरचे आठवडे यांच्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून ते दिसल्यानंतर चार दिवसांपर्यंत मूल दुसऱ्यांना गोवर देऊ शकते. म्हणजे घरच्यांना कळेपर्यंत अर्धा वर्ग शिंकांत न्हाऊन निघालेला असतो. न्यूमोनिया, जुलाब, कान वाहणे हे सगळे बहुधा पुरळ आल्यानंतर सुरू होते, जेव्हा घरातले "आता उतरला" म्हणून निर्धास्त होतात.

तुमच्या घरात गोवर आला असेल तर लिहा. आधी काय दिसले, डॉक्टरांनी काय दिले, नंतर काय झाले. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच, पण काय बघायचे ते आपण एकमेकांना सांगू शकतो.

खाजनकाठ, मडगाव

आमच्या मुलीला नववा महिना लागायचा होता, म्हणजे गोवराची लस अजून मिळायची होती. वास्कोला एका बारशाला गेलो होतो. तिथे एक मूल तापाने फणफणलेले, आईच्या खांद्यावर पडून होते. पुढे डॉक्टरांनी तारखा विचारल्या तेव्हा हिशेब बरोबर जुळला: संसर्गानंतर साधारण दहा दिवसांनी ताप आणि दोन आठवड्यांच्या आसपास पुरळ.

सुरुवात सर्दी-तापासारखीच झाली. नाक वाहत होते, खोकला कोरडा आणि सतत. वेगळे होते ते डोळे. लालभडक, पाणावलेले, चिपडांनी सकाळी उघडेनात. खिडकीचा पडदा सरकवला की ती तोंड फिरवून रडायची. ताप १०४ पर्यंत गेला. डॉक्टरांनी बॅटरी घेऊन तिच्या गालांची आतली बाजू बघितली आणि मलाही जवळ बोलावून दाखवली: लाल झालेल्या कातडीवर मिठाच्या कणांसारखे बारीक पांढरे ठिपके. ते म्हणाले, यांना कॉपलिक ठिपके म्हणतात, १८९६ मध्ये याच नावाच्या डॉक्टरांनी त्यांचे वर्णन केले, आणि ते पुरळीच्या एक-दोन दिवस आधी दिसतात. तसेच झाले. दुसऱ्या दिवशी कानामागे आणि केसांच्या कडेला लाल ठिपके आले, मग तोंडभर, मग मानेवरून छाती-पोटावर, शेवटी पायांवर. तोंडावरचे एकमेकांत मिसळून सगळा चेहरा सुजल्यासारखा झाला.

गोवराच्या विषाणूला मारणारे खास औषध नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले. तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल (अॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही), ओआरएस, अंगावरचे दूध हवे तेवढे. आणि एक गोष्ट जी मला तोपर्यंत माहीत नव्हती: 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा डोस, आज एक आणि उद्या एक. तिच्या वयाला प्रत्येक वेळी १ लाख युनिट. वर्षावरच्या मुलांना २ लाख, सहा महिन्यांखालच्यांना ५० हजार. गोवरात शरीरातला 'अ' जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने खाली जातो, त्यातून डोळ्यांची बुबुळे खराब होतात आणि मूल दगावण्याचा धोकाही वाढतो. हा डोस आपल्या मनाने द्यायचा नाही, जास्त झाला तर अपाय करतो.

घरी पाठवताना त्यांनी मला श्वास मोजायला शिकवले. मूल शांत झोपलेले असताना अंगावरचे कपडे वर करायचे, मोबाईलवर एक मिनिट लावायचे आणि पोट किती वेळा वर येते ते मोजायचे. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, तर सकाळची वाट बघायची नाही. पुरळ पायांवर उतरली त्या रात्री आमचा आकडा पन्नाशी ओलांडून गेला. दोनदा मोजले, तेच. लगेच इस्पितळात नेले. न्यूमोनिया झाला होता. ऑक्सिजन लागला, अँटिबायोटिक लागले. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, पण त्याच्या पाठोपाठ जिवाणू शिरले की ते लागते.

ती वाचली याचे श्रेय मी त्या एका मिनिटाच्या मोजणीला देतो. आता पहिल्या इयत्तेत आहे.

पेडण्याची आजी

नातीने लिहून द्यायला सांगितले म्हणून सांगते, टाइप ती करते आहे.

आमच्या लहानपणी, गोवा मुक्त झाला त्या सुमारास, लस कुठली असणार? एकाला निघाला की घरातल्या सगळ्या पोरांना निघायचा. एका चटईवर आम्ही चौघे भावंडे. दाराला कडुनिंबाच्या डहाळ्यांचा टाळा, खोलीत काळोख, सातेरी देवीला नारळ सांगितलेला. आंघोळ बंद, नुस्ते (मासे) बंद, नारळ घातलेले काही बंद. पेज तेवढी मिळे, तीही निवळ.

मी उठले. माझ्या धाकट्या भावाचा ताप उतरला आणि मग कान वाहू लागला. उशीचा अभ्रा पिवळा होई, आई तो रोज धुऊन घाली. कोणी म्हणाले लसणीचे तेल घाला, कोणी म्हणाले आपोआप सुकेल. सुकला, पण त्या कानाने त्याला पुढे कधी ऐकू आले नाही. शाळेत मास्तरांनी हाक मारली की तो भलतीकडेच बघायचा, आणि मार खायचा. शेजारच्या घरातल्या मुलीच्या एका डोळ्यात फूल पडले ते याच आजारात.

टाळा लावल्याने कोणाचे वाईट झाले नाही, आणि सातेरीने कधी डॉक्टरकडे जाऊ नका म्हटले नाही. वाईट केले ते उपासमारीने. आजारातून उठलेल्या पोराला महिनाभर निवळ पेजेवर ठेवले तर त्याच्या अंगात राहणार काय? माझ्या सुनांना मी हेच सांगते: पेज द्या, वर तूप घाला, अंडे द्या, मासे मागितले तर मासे द्या, कोमट पाण्याने अंग पुसा. देवीपुढे नारळही ठेवा.

नर्सबाई, सत्तरी

आजींनी लिहिलेले मी सगळ्या आयांना वाचून दाखवणार आहे.

मी उपकेंद्रात बरीच वर्षे काढली. गोवर-रुबेला (जर्मन गोवर) लसीची मोठी मोहीम देशात पहिल्यांदा ज्या राज्यांत निघाली त्यांत गोवा होता: ५ फेब्रुवारी २०१७, आपल्यासोबत कर्नाटक, तामिळनाडू, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलाला एक डोस, आधी घेतलेला असला तरी. शाळेच्या व्हरांड्यात रांगा आणि फोनवर अफवांचा पाऊस. पालक गेटवर येऊन विचारायचे, यात काय भेसळ आहे का, पुढे मूल होणार नाही का. एका वडिलांना मी कुपी हातात दिली, तारीख वाचायला लावली, सुई त्यांच्यासमोर फोडली. ही सिरिंज एकदा वापरली की तिचा दट्ट्या परत मागे येतच नाही, हेही दाखवले. त्यांनी दोन्ही मुलांना रांगेत उभे केले. ज्याला शंका आहे त्याच्यावर ओरडून काही होत नाही, त्याला बघू द्यावे.

आता नेहमीच्या लसीकरणात पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, बाराव्या महिन्याच्या आत. दुसरा १६ ते २४ महिन्यांत. गोवराची लस देशाच्या लसीकरणात १९८५ पासून आहे, दुसरा डोस २०१० पासून आला. नवव्या महिन्यातला एक डोस शंभरातल्या साधारण ८५ मुलांना पुरतो, दोन्ही झाले की ९७ च्या आसपास. गोवर इतका पसरणारा आहे की लस न घेतलेली दहा माणसे रुग्णाच्या जवळ आली तर नऊ जणांना होतो, आणि रुग्ण खोलीतून गेल्यानंतरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहतो. म्हणून गावातल्या ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले हवेत.

आणि आपल्याकडे हुकतो तो दुसराच. काजूच्या दिवसांत आईबाप पहाटे बागेत जातात ते संध्याकाळी भट्टीवरून येतात, पोर आजीकडे. आजीला तारीख माहीत नसते. बांधकामावर आलेल्या कुटुंबांचे कार्ड गावी राहिलेले असते. मी त्यांना सांगते, डोस देशात कुठेही घेतलेला चालतो, उरलेला इथे घ्या, पैसे पडत नाहीत.

आमच्याकडे थांबावे लागते म्हणून कधी आया रागावतात. लसीची पूड द्रावात मिसळली की कुपी चार तासांत वापरावी लागते, उरली तर फेकायची. म्हणून मुले जमवून फोडतो. लसीनंतर साधारण सात ते बारा दिवसांनी काही मुलांना ताप येतो, थोडी पुरळही दिसते. ती आपोआप जाते.

मांडवीपल्याड

मोठ्यांनाही होतो, एवढे सांगायला लिहितो. मी कळंगुटला हॉटेलात नोकरीला. ताप, अंगदुखी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे. पावसाळा संपत आला होता, त्यामुळे आधी डेंग्यू आणि मलेरिया तपासले. दोन्ही नाहीत. मग कपाळावर पुरळ आली आणि गोवराची आयजीएम ही रक्ततपासणी केली, ती पॉझिटिव्ह. माझा लहानपणी एकच डोस झाला होता.

खरी धास्ती बायकोची होती, तिला पाचवा महिना चालू होता. गरोदरपणात गोवर झाला तर गर्भपाताचा आणि दिवसांआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. गोवराची लस गरोदरपणात देत नाहीत. डॉक्टरांनी तिच्या रक्तातली प्रतिपिंडे तपासली. ती पुरेशी निघाली. नसती तर संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) द्यावे लागले असते. गरोदर नसलेल्या, लस न घेतलेल्या माणसाला ७२ तासांच्या आत लस दिली तरी उपयोग होतो. मला स्वतःला पूर्ण ताकद यायला चतुर्थी उलटून दिवाळी आली.

सुरंगी, फोंडा

गोवर आणि कांजिण्या यांत घरी फरक कसा करायचा? पुतण्याच्या अंगावर पाण्याचे फोड आहेत.

नर्सबाई, सत्तरी

सुरंगीताई, पाणी भरलेले, खाजणारे, काही नवे काही खपली धरलेले असे एकाच वेळी दिसत असतील तर बहुधा कांजिण्या. गोवराचे ठिपके सपाट, लाल, वरून खाली उतरणारे, आणि त्याआधी ताप, खोकला, लाल डोळे ठरलेले. जाताना तपकिरी डाग राहतात आणि कोंड्यासारखी साल निघते. तरी डॉक्टरांना दाखवा. तापासोबत पुरळ असलेल्या मुलाची आरोग्य केंद्राला खबर द्यायची असते, म्हणजे नमुना तपासता येतो आणि आजूबाजूची मुले बघता येतात.

एक मावशी

बरेच दिवस लिहू की नको करत होते.

माझ्या मावसबहिणीच्या मुलाला वर्षाचा असताना गोवर झाला होता. पूर्ण बरा झाला. हुशार, चित्रे छान काढायचा. नवव्या वर्षी अक्षर बिघडले. बाई म्हणाल्या लक्ष देत नाही. मग हातातून पेला पडायला लागला, चालताना अंगाला एकदम झटका बसायचा. मेंदूचा आलेख आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी झाल्यावर निदान आले, एसएसपीई. गोवराचा विषाणू मेंदूत दडून राहतो आणि बहुधा सात-दहा वर्षांनी डोके वर काढतो. फार थोड्या मुलांना होतो. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना धोका जास्त. त्यावर बरा करणारा उपाय नाही. तो गेला.

लसीचे दोन्ही डोस झालेल्या मुलाला गोवर होण्याची शक्यताच फार कमी, म्हणून याचीही. "गोवर काय, सगळ्यांना होऊन जातो" असे कोणी म्हणाले की मी त्यांना त्याच्याबद्दल सांगते.

अबोली, डिचोली

मावशी, तुम्ही लिहिलेत, फार मोठी गोष्ट केलीत. तुमची परवानगी असेल तर पालकसभेत नाव न घेता सांगेन.

खाजनकाठ यांचा श्वास मोजण्याचा प्रकार काल आमच्या मदतनीस बाईंसोबत करून पाहिला. सहज जमतो. बालवाडीत आम्ही आता पुरळ दिसल्यापासून चार दिवस मूल घरी ठेवायला सांगतो आणि भावंडांची कार्डे मागवून घेतो. आजारानंतर काही महिने मुलाची आधी कमावलेली प्रतिकारशक्तीही कमी झालेली असते, म्हणून उठलेल्या मुलाला पुन्हा ताप-खोकला आला तर लवकर दाखवा, हेही आयांना सांगते.

नर्सबाई, एक विचारायचे आहे. दोन मुलांची कार्डे पावसात भिजून गेली, आईला डोस आठवत नाहीत. एक तीन वर्षांचा, एक सहाची. काय करायचे?

नर्सबाई, सत्तरी

आधी जिथे टोचले त्या केंद्राच्या रजिस्टरमध्ये शोधा, सापडते बऱ्याचदा. नसेल तर झाला नाही असे धरून द्यायचा, डोस जास्तीचा झाला तरी अपाय नाही. तीन वर्षांच्याला आमच्याकडे घेऊन या, पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देतो. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. सहा वर्षांच्या मुलीसाठी मुलांच्या डॉक्टरांना एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीबद्दल विचारा. आणि नवीन कार्डाला प्लास्टिकची पिशवी घाला, पावसाळा तोंडावर आहे.